अंगणातील चित्रशाळा

हिंगोलीहून नांदेडास निघालेला प्रवासी कळमनुरी आणि आखाडा बाळापूर ही गावे मागे टाकून वारंगा फाट्यावर येतो, तेव्हा त्यास दुसरा एक मोठा रस्ता येऊन भेटतो. नागपूर, यवतमाळ, उमरखेड, हदगाव अशी मजल करीत आलेला हा रस्ता येथे अकोला-वाशीम-हिंगोलीच्या रस्त्यात मिसळतो आणि पुढे दोन्ही मिळून नांदेडची वाट चालू लागतात. फाटा हे आपल्याकडील वस्तीचे एक निराळेच रूप आहे. गाव म्हटले की वेस आली, पार आला, मारुतीचे देऊळ आले आणि घरापुढे सारवलेले अंगण आले. फाट्याचा जन्मच मुळी रस्त्याच्या पोटी. त्यामुळे तेथे दुकानापुढे ओटा असतो, ओट्यापुढे डांबर असते, आणि अंगण म्हणावे अशी जागा शोधावी लागते. अशा ठिकाणी पाच-पंचवीस मुले जमवून त्यांच्या हाती माती आणि रंग द्यावयाचे कोणी मनात आणले, तर त्यास पहिल्याच दिवशी तीन प्रश्न पडतील. मुलांना बसवावयाचे कोठे? त्यांच्या हाती द्यावयाचे काय? आणि त्यांनी काढावयाचे तरी काय?

पहिले दोन प्रश्न कोणालाही सुचतात. तिसरा सहसा कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेलेच आहे असे आपण धरून चालतो: गुरुजींनी फळ्यावर काढले असेल ते! वस्तुतः महाराष्ट्रातील मुलांच्या चित्रकलेचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास या तिसऱ्याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे, आणि आजच्या भाषणात तोच मी श्रोत्यांपुढे मांडणार आहे.

इंग्रजी अमदानीत आपल्याकडे चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते मुंबईस. सर जमशेटजी जिजीभाई यांनी 1853 साली एक लक्ष रुपये देऊ केले आणि त्यांच्या नावाची कलाशाळा 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयाने उघडली. शिक्षणाचा साचा लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथून आला होता. त्यात विद्यार्थ्याने प्रथम सरळ रेषा गिरवावयाच्या, मग वक्ररेषा, मग छापील नमुन्यावरून वेलबुट्टी, आणि त्यानंतर ग्रीक मूर्तींचे व नक्षीचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवून त्यांची हुबेहूब नक्कल करावयाची. हात घोटविण्याची ही तालीम वाईट होती असे मला म्हणावयाचे नाही. सुतार, लोहार, गवंडी यांच्या मुलांस तिचा उपयोग झाला. परंतु जे समोर ठेवले जाई ते परक्याचे असे.

हा दोष तेथील एका जाणत्या शिक्षकास जाणवला होता. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून आपले विद्यार्थी अजिंठ्यास नेण्यास आरंभ केला. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. हे तरुण विद्यार्थी लेण्यांच्या अंधारात, वटवाघळांच्या घाणीत, मचाणांवर बसून भिंतीवरील चित्रे कॅनव्हासवर उतरवून घेत. पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपास आलेले चित्रकार त्यांपैकीच होत. काम सुरू झाले तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. सुमारे 1885 पर्यंत हे काम चालले. तयार झालेल्या प्रतिकृती लंडनला गेल्या, आणि 1885 च्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळाल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्स यांनी 1896-97 साली दोन मोठे ग्रंथ छापले. पुढे 1909 ते 1911 च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृती बंगाली तरुण येथे आले, आणि हैदराबादेहून सय्यद अहमद व महंमद फझलुद्दीन हे दोघे त्यांस मिळाले. मराठवाड्याच्या भूमीवर भरलेल्या तरुणांच्या चित्रशाळा म्हणून त्यांची नोंद करावयास हरकत नाही. मात्र तेथेही काम नकलेचेच होते. ठसा ग्रीक जाऊन अजिंठ्याचा आला, एवढाच फरक.

मुंबईतील ही पद्धती सरकारी चित्रकला-परीक्षांच्या द्वारे इलाख्यातील शाळांत पोचली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही दोन नावे ज्याच्या घरी ऐकली गेली नाहीत असे सुशिक्षित मराठी कुटुंब विरळा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे तिचे विषय. आजही राज्याचे कला संचालनालय या परीक्षा घेते. खेड्यातील एखाद्या होतकरू मुलास या दोन परीक्षांनी मुंबईपर्यंतची शिडी लावून दिली, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु शिडीवर चढणाऱ्यांची संख्या थोडी, आणि खाली उरणाऱ्या शेकडो मुलांना ड्रॉइंग मास्तरांच्या तासाची आठवण राहिली ती पुसलेल्या कागदाला पडलेल्या भोकाची. शिवाय मराठवाडा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मुंबई सरकारच्या शिक्षणखात्याचा तेथे अंमल नव्हता. ज्या भागात अजिंठा, त्याच भागातील खेड्यापाड्यांची मुले या शिडीपासूनही दूर राहिली.

आता याच काळात युरोपात काय चालले होते ते पाहावे. व्हिएन्ना शहरात फ्रांझ चिझेक नावाच्या एका कलाशिक्षकाने 1897 मध्ये लहान मुलांकरिता चित्रवर्ग काढला. त्याने नमुना समोर ठेवावयाचा नाही असा निश्चय केला. मूल आपणहून जे काढील ते काढू द्यावे; त्याचे चित्र ही मोठ्या माणसाच्या चित्राची कच्ची प्रत नसून ते स्वतःच एक पुरे चित्र असते, असा त्याचा सिद्धांत होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याच्या शिष्यांच्या चित्रांचे प्रदर्शन लंडनमध्ये भरले आणि तेथील शिक्षक चकित झाले. आपल्याकडे अशा विचारास जागा मिळाली ती चित्रशाळांत नव्हे, तर बालशिक्षणाच्या चळवळीत. आणि तीही प्रथम गुजरातेत.

भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढले. त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईचा. प्रार्थनासमाजी घराण्यातील या बाई 1914 साली बी.ए. झाल्या आणि राजकोटच्या अध्यापिका-विद्यालयाच्या प्रमुखपदी राहून भावनगरला आल्या. दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीवर दोघांची निष्ठा होती. पण ती डोळस होती. माँटेसोरीबाई मोकळ्या चित्रकलेविषयी आणि परीकथांविषयी साशंक असत. भावनगरात गोष्टी, लोकगीते, नाटुकली यांना मुक्तद्वार मिळाले. शिक्षेबरोबर इनामही नको, हा नियम मात्र त्यांनी कसोशीने पाळला. हल्ली जेथे जेथे मुलांचे चित्र तेथे तेथे स्पर्धा आणि पहिला क्रमांक, असे समीकरण होऊन बसले आहे. ज्या मुलाला पहिला क्रमांक मिळत नाही ते पुढल्या वर्षी कोणाचे चित्र पाहून काढते, हे घरोघरी आईबापांनी आपल्याशीच विचारून पाहावे.

ताराबाई पुढे मुंबईस आल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार चालविला. येथे मुले मध्यम वर्गाची, स्वच्छ कपड्यांची. काम उत्तम चालले होते. तरीही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी शहर सोडले आणि 1945 च्या डिसेंबरात डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकवीत. बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली, आणि तेथून पुढची अठ्ठावीस वर्षे, म्हणजे 1973 साली ताराबाई निवर्तल्या तोपर्यंत, दोघींचे काम एक झाले.

1945 हे साल डहाणू-उंबरगावच्या इतिहासात दुसऱ्याही एका कारणाने कोरले गेले आहे. याच वर्षी तेथील वारली आदिवासी सावकार-जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठले. शामराव आणि गोदावरी परुळेकर या उठावाचे नेते होते. या वेठीचा एक प्रकार 'लग्नगडी' या नावाने ओळखला जाई. लग्नाच्या खर्चाकरिता वारली तरुण जमीनदाराकडून थोडेसे पैसे घेई आणि ते फेडण्यासाठी नवराबायको दोघेही आयुष्यभर त्याच्या घरी राबत. आता वारल्यांची जगप्रसिद्ध झालेली चित्रकला लग्नातच काढावयाची असते, हे ध्यानी घ्या. ज्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहीत, त्याच भिंतीआड नवरानवरीचे स्वातंत्र्य गहाण पडलेले असे. आणि त्या घरातले मूल पहिल्यापासून गुरांमागे जाई.

अशा मुलखात बालवाडी काढावयाची. बोर्डीच्या मध्यवर्ती बालवाडीत गावातील खाऊनपिऊन सुखी घरांची मुले येऊ लागली; हरिजनवस्तीतील आणि आदिवासींची येईनात. कारणे उघड होती. एक तर जातीची भिंत. दुसरे म्हणजे घरी धाकटे भावंड सांभाळावयाचे. तिसरे म्हणजे अंगावर वस्त्र नाही आणि आंघोळ नाही, तेव्हा लाज. शाळेने दाराशी उभे राहून वाट पाहावी हा आजवरचा शिरस्ता होता. ताराबाईंनी तो उलटा केला. मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. कार्यकर्त्या वस्तीत जाऊन एखाद्या घरापुढील अंगण झाडीत, मुलांना आंघोळी घालीत, केस विंचरीत आणि तेथेच वर्ग भरवीत. मध्यवर्ती बालवाडीहून निराळी म्हणून हिला अंगण-बालवाडी म्हणू लागले, आणि त्याचेच 'अंगणवाडी' झाले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना प्रथम 33 प्रकल्पक्षेत्रांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांस हेच मराठी नाव देशभर मिळाले. आज तमिळ, बंगाली, पंजाबी बोलणारी माणसेही तो शब्द सहज उच्चारतात; तो बोर्डीच्या वस्तीतून निघाला हे फार थोड्यांस ठाऊक असते.

कोठे बसवावयाचे, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याचेही मिळाले, आणि तेही गरजेपोटीच. माँटेसोरी-साहित्य म्हणजे गुळगुळीत लाकडी ठोकळे, दट्ट्या, रंगीत पट्ट्या. ते महाग असे आणि अंगणात नेण्याजोगे तर मुळीच नसे. त्याच्या जागी समुद्राचे शिंपले आले, नदीतले गोटे आले, चिंचोके, गुंजा, पाने, फुले, काड्या, माती आणि रिकामे डबे आले. लहान-मोठे ओळखावयाचे तर गोट्यांवरून, रंग ओळखावयाचे तर पानाफुलांवरून. आकृती मांडावयाच्या त्या बियांच्या आणि शिंपल्यांच्या. बालशिक्षणाच्या पुस्तकांत याचा उल्लेख 'स्वस्त देशी साधने' असा केलेला आढळतो. मला वाटते, स्वस्तपणा हा त्यातला गौण गुण होय. विकतचा ठोकळा हातून पडला तर मूल घाबरते. चिंचोका पडला तर दुसरा घेते. ज्या वस्तूचे भय नाही तिच्याशीच हात खेळतो, आणि हात खेळल्यावाचून चित्र होत नाही.

केंद्र 1957 मध्ये बोर्डीहून आत कोसबादच्या टेकडीवर गेले. येथे वस्ती जवळजवळ सर्वस्वी वारल्यांची, आणि तीही दूरदूर विखुरलेल्या पाड्यांची. अंगणाचा उपायही येथे पुरा पडेना, कारण मुले अंगणात नसतच. ती गुरे घेऊन रानात असत. तेव्हा शाळा आणखी एक पाऊल पुढे गेली आणि कुरणात जाऊन बसली. गुरे चरत असताना झाडाखाली भरणाऱ्या या वर्गास कुरणशाळा म्हणत. धाकट्या भावंडाला घेऊन बसणाऱ्या मुलींकरिता पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. त्या व्यवस्थेचे नाव विकासवाडी. या सर्व खटाटोपात ताराबाईंच्या अंगी असलेली एक गोष्ट फार कामास आली. त्या शिकवावयास जात तशाच शिकावयासही जात. पाड्यावरील मुलास अंक येत नसेल, परंतु झाडाची नावे, पाखरांची ओळख, तारप्याच्या सुरावर पाऊल टाकणे हे त्यास येई. तेव्हा त्याला जे येते तेथून वर्गाचा आरंभ करावयाचा, हे कोसबादचे धोरण होते. अनुताईंनी 1992 पर्यंत ते चालविले.

राहिला तिसरा प्रश्न, काय काढावयाचे. त्याची गोष्ट याच डहाणू तालुक्यात, गंजाड गावाकडे घडली. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले भास्कर कुलकर्णी हे अखिल भारतीय हस्तकला मंडळाकरिता काम करीत. 1966 च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांस बिहारात मिथिलेस धाडले होते. तेथील स्त्रिया भिंतीवर काढीत ती चित्रे त्यांनी कागदावर काढावीत, विकावीत आणि त्यावर चार घास मिळवावेत, असा तो उद्योग होता. तोच धागा घेऊन ते पुढे वारल्यांत आले. कागद आणि पांढरा रंग वाटला. बायका संकोचल्या, कारण चौक ही देवाब्राह्मणापुढची नव्हे तरी देवीपुढची वस्तू. लग्नावाचून आणि धवलेरीच्या गाण्यावाचून ती काढावयाची कशी? कागद उचलला तो एका पुरुषाने. जिव्या सोमा म्हसे यांची आई त्यांच्या लहानपणीच वारली. त्या आघाताने हा मुलगा बरीच वर्षे बोलेनासा झाला आणि जे सांगावयाचे ते धुळीत काडीने रेघा ओढून सांगे, अशी त्यांच्याविषयी हकीकत आहे.

येथे मी क्षणभर थांबतो. धूळ आणि काडी! आपल्या पंतोजींच्या शाळेतही मूल धूळपाटीवर काडीनेच पहिली अक्षरे काढीत असे. परंतु तेथे ते गिरवी. हा मुलगा बोलत होता. कोणी नमुना दिला नव्हता, कोणी क्रमांक लावणार नव्हते, आणि सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे 1975 मध्ये मुंबईस त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 2018 साली ते वारले. मासेमारीचे फेकलेले जाळे आणि तारप्याभोवतीचा नर्तकांचा वेढा हे त्यांचे विषय देशोदेशी पोचले. या यशाची किंमतही पडली. स्त्रियांच्या हातचा विधी पुरुषांच्या नावाचा व्यवसाय झाला. चौकाभोवतीचे जीवन कागदावर आले आणि मधली देवी पुष्कळदा मागे राहिली. पण ज्या समाजाची बायकापोरे दोन पिढ्यांपूर्वी लग्नाच्या कर्जात विकली जात होती त्यास स्वतःच्या चित्राचे पैसे मिळू लागले, ही गोष्ट मी कमी लेखणार नाही.

आणि आता पाहा काय झाले ते. आज महाराष्ट्रात कोठेही, शहरात किंवा खेड्यात, मुलांचे कलाशिबिर भरले की एक दिवस 'वारली'चा असतो. फळ्यावर दोन त्रिकोण एकमेकांस टेकवावयाचे, वर एक वाटोळे डोके, खाली काड्यांचे हातपाय. मुलांनी ते पाहून तपकिरी कागदावर काढावयाचे. शाळांच्या भिंती, बसथांबे, पिशव्या, पेले सर्वत्र तेच. 1870 च्या सुमारास मुंबईच्या मुलापुढे ग्रीक पान ठेवले जाई. आज हिंगोली जिल्ह्यातील मुलापुढे डहाणूचा त्रिकोण ठेवला जातो. जे चित्र गिरवण्यावाचून निर्माण झाले तेच गिरवण्याचा नवा कित्ता होऊन बसले! कळमनुरी तालुक्यातील आंध आदिवासींच्या मुलीने अगर बंजारा तांड्यावरील मुलाने तारपा कधी पाहिलेला नसतो. वारली कला मुलांना दाखवू नये असे मी म्हणत नाही. अवश्य दाखवावी, तिची ही सारी कथा सांगून दाखवावी. पण दाखविणे निराळे आणि गिरवून घेणे निराळे.

त्या मुलांपाशी स्वतःचे काय असते, ते आपण शहरवासीयांनी थोडे आठवून पाहिले पाहिजे. मराठवाड्यात दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. ओल्या शेणाच्या बोटभर उंचीच्या या बाया. कोणी डोईवर घागर घेतलेली, कोणी ताक घुसळणारी, जवळ गाईवासरे, गोठा, गोठ्याला कुंपण. वर झेंडूची फूलपाकळी खोवलेली. घरची बाई करते आणि मुली शेजारी बसून करतात. कोणतीही एक दुसरीसारखी होत नाही. पोळ्याला मातीचे बैल होतात. नागपंचमीस भिंतीवर नाग निघतात. तांड्यावर लमाण बाई कापडावर आरसे आणि कवड्या टाकून जे भरतकाम करते त्याची भूमिती आमच्या संकल्पचित्राच्या पेपरास लाजवील अशी असते, आणि तिची नात ते पाहत वाढते. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळावर हत्तींची आणि देवांगनांची रांग आहे ती निराळीच. ही सर्व चित्रशाळाच होय. तिला फी नाही, हजेरी नाही.

रंगांची तर या जिल्ह्यात वाणच नाही. हिंगोली आणि वसमत हा हळदीचा मुलूख. वाटीभर पाण्यात हळद कालवली की पिवळा रंग झाला. त्यात बोटभर खाण्याचा चुना मिसळा. पिवळा पाहता पाहता तांबडा होतो. क्षाराने हळदीचा रंग पालटतो हे रसायनशास्त्र मूल पुढे शिकेल तेव्हा शिकेल. पण पहिल्यांदा ते डोळ्यांदेखत घडते तेव्हा मुलांच्या तोंडून जो उद्गार निघतो तो कोणत्याही रंगपेटीने निघत नाही. फाल्गुनात पळसाची फुले उकळून केशरी होतो, दिव्याच्या काजळीत थोडा डिंक घालून काळा होतो, गेरू आणि चुना दुकानात मिळतो. बोरूची काडी किंवा बाभळीचे दातण चघळून कुंचला करावा. अशा वर्गाचा खर्च एका रंगपेटीच्या किमतीपलीकडे जाणार नाही.

प्रश्न राहतो तो फाट्यावरील अंगणाचा. बोर्डीस अंगण होते, कोसबादला कुरण होते. वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी मुले असतात ती हॉटेलच्या मागल्या बाजूस, टायरच्या ढिगाजवळ, मोटारीची वाट पाहणाऱ्या आईच्या पदराशी, किंवा ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडाबरोबर दोन दिवसांपुरती. ती नेमाने येतील ही आशा धरून पाठ्यक्रम आखणे व्यर्थ आहे. ताराबाईंच्या अनुभवावरून पाहता, शिकविणाराने मुलांच्या वेळेस जावे, आणि आज आलेले मूल उद्या नसेल असे धरून प्रत्येक दिवसाचे काम त्याच दिवशी पुरे होईल असे बेतावे. गवळणींचे काम असेच असते. सकाळी बसले की तासाभरात उठावे. जागा पाहावयाची तर मोटारींच्या वाटेपासून दूर, एखाद्या घरामागील दहा हात जमीन पुरे. ती प्रथम मुलांकडूनच झाडून सारवून घ्यावी. अंगण असते तेथे वर्ग भरतो हे खरे. पण बोर्डीच्या वस्तीतही अंगणे आयती नव्हती, कार्यकर्त्यांनी रोज झाडली तेव्हा ती अंगणे झाली.

एक अडचण मात्र येईल, ती आधीच सांगून ठेवतो. शिबिराच्या शेवटी पाहुणे येतात, त्यांना प्रदर्शन हवे असते. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही; भिंतीस लावलेले चित्र दोनचार आठवड्यांत फिके पडते. शेणाच्या गवळणी वाळून तडकतात. वारल्यांचा चौकही पुढल्या सारवणात जातो, आणि पुढच्या लग्नाला सवाशिणी तो नव्याने लिहितात. पाहुण्यांना हे अगोदर कळविलेले बरे.